नात्याने मोठी

मंगळवार, ४ मार्च

आजपासून या घरात मी सगळ्यांत मोठी. वय वर्षं तेवीस.

दादा काल आमच्या सुतारकामाच्या कारखान्यात पडला. रंधा मारता मारता उजव्या हातातून रंधा सुटला, आणि मग तो स्वतःच कोसळला. डॉक्टर म्हणाले जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू आणि बोलणं परत यायला महिने लागतील. किती महिने, ते कोणी सांगत नाही. वहिनी दवाखान्यात रडली नाही, म्हणून मीही रडले नाही. घरी येऊन नळ सोडून रडले.

संध्याकाळी आमच्या पॉलिशवाल्याने दवाखान्याच्या जिन्यात हळूच विचारलं, "आता शब्द कोणाचा?"

कारखान्यात बाबांनी घालून दिलेला एकच नियम आहे. शेवटचा शब्द एकाचाच चालेल, आणि तो तिथे काम करणाऱ्यांत नात्याने जो मोठा त्याचा. बाबा आणि त्यांचा भाऊ एकदा एकाच टेबलावर काम करत होते, आणि उंचीवरून दोघंही हटेनात. टेबल तयार झालं तेव्हा दोन पाय एका मापाचे होते आणि दोन दुसऱ्या. गिऱ्हाइकाने विचारलं, "यावर जेवायचं की घसरगुंडी खेळायची?" त्या दिवसापासून हा नियम.

बाबांनंतर शब्द दादाचा आणि दादानंतर माझा. दादाचा मुलगा बाळ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे, पंधरा वर्षं लाकूड कापतोय, पण मी त्याची आत्या. आईला मी शेहेचाळिसाव्या वर्षी झाले. तेव्हा बाळ शाळेत सांगत सुटला होता की मला आत्या झाली. मास्तरांनी त्याला दटावलं, "गाढवा, बहीण झाली म्हणतात." तो बिचारा दिवसभर बाकावर उभा राहिला, पण बहीण म्हणाला नाही.

मी पॉलिशवाल्याला म्हणाले, "माझा." त्याच्या मिशा हलल्या, आणि त्या हसल्या होत्या.

बुधवार, ५ मार्च

सकाळी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. बाळ खाली बघत म्हणाला, "तू सांगशील तसं, आत्या." इतक्या पटकन कोण मान्य करतं? मनात काहीतरी असणार. तीन वर्षं मी इथे मापं घेते, चित्रं काढते, गिऱ्हाइकांशी बोलते. हे सगळं त्याला काम वाटतच नाही बहुतेक.

रविवार, ९ मार्च

दादाला घरी आणलं. दाढी वाढली होती, तो सारखा डावा हात गालावर फिरवत होता. वहिनीला धीर होईना म्हणून मीच दाढी केली. जबडा वाकडा झालाय, तिथे पातं अडतं, कातडी ताणून धरावी लागते. झाल्यावर आरसा दाखवला तर त्याने तोंड फिरवलं. उद्यापासून आरसा नाही.

रात्री जेवताना वहिनीने विषय काढलाच.

"बाळकडे राहू दे गं सगळं. तू लहान आहेस."

"तुझा बाळ मोठा आहे?"

"आहेच. बत्तीस वर्षांचा आहे."

"मग त्याने आज कोणता शर्ट घालायचा ते तू का सांगितलंस?"

बाळ समोरच बसला होता. त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. वहिनी म्हणाली, "आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." मी म्हटलं, पावसाळे तर बेडूकही पाहतो, म्हणून त्याला कोणी छत्री शिवायला देत नाही. वहिनी उठून आत गेली. थोड्या वेळाने माझ्यापुढे सालं काढून, बिया काढून, फोडी केलेलं सफरचंद आलं. ही बाई भांडणसुद्धा मोठ्या माणसासारखं करू देत नाही.

खाल्लं मी सफरचंद. गोड होतं.

शनिवार, १५ मार्च

संगीतशाळेच्या प्राचार्य बाई आल्या होत्या. त्यांच्या नव्या इमारतीतल्या सरावाच्या खोल्यांना भरीव, जाड दारं हवीत, इकडचा आवाज तिकडे जाता कामा नये. बोलणं दादाशी झालं होतं. दादाचं कळल्यावर हळहळल्या, आणि मग माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाल्या, "मोठं कोणी आहे का?"

मोठं कोणी लाकूडकापणीच्या यंत्रामागे लपलं होतं. खरंच. गिऱ्हाईक आलं की बाळ तिथे जातो आणि पट्टा बघत बसतो. मला त्याचे बूट दिसत होते.

"मीच आहे," मी म्हणाले. मग चौकटीत रबराची पट्टी कुठे बसवायची, खालची फट कशी बंद करायची, बिजागऱ्या किती वजनाच्या, सगळं काढून दाखवलं. बाईंनी चार अडचणीचे प्रश्न विचारले. चारही उत्तरं दिली. एप्रिलअखेरीचं ठरलं. जाताना त्यांनी हात मिळवला, आणि तो माझ्याशीच मिळवला. त्या दिसेनाशा झाल्यावर बूट बाहेर आले.

"छान बोललीस, आत्या."

"तूही बोलला असतास तर बरं दिसलं असतं."

"मला नाही जमत," तो म्हणाला. यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं त्याच्या तोंडावर दिसलं नाही.

गुरुवार, २० मार्च

आज पहिल्यांदा शब्द वापरला. लिहून ठेवते.

दारांसाठी जाड फळ्या लागतील. मागच्या छपरीत एक मोठी थप्पी आहे, सगळ्या दारांना पुरेल एवढी. फळ्यांच्या टोकांवर दादाने लाल रंगाने रचल्याचा महिना आणि साल लिहिलंय. हिशेब सोपा आहे, जाडीच्या इंचाला एक वर्ष वाळवायचं. या अडीच इंची आहेत आणि त्यांना साडेतीन वर्षं झालीत. मी म्हटलं, काढा.

बाळने एक फळी खाली घेतली आणि गालाला लावून उभा राहिला. डोळे मिटून. हे त्याचं नेहमीचं नाटक.

"थंड लागते, आत्या."

"छपरीत सगळंच थंड असतं."

"रचताना मधे पट्ट्या घातल्या नव्हत्या. फळीला फळी चिकटून आहे. वारा लागलेला नाही."

"साडेतीन वर्षं झालीत ना?"

"झालीत. पण आतून वाळली असेल असं नाही वाटत. जरा बघ."

सगळे थांबून ऐकत होते. पॉलिशवाल्याच्या मिशा पुन्हा हलायला लागल्या. मला कळलं हे काय चाललंय. दोन आठवडे गप्प बसून बाळने बरोबर सगळ्यांसमोरची वेळ निवडली. पहिल्याच शब्दाला मी मागे हटले असते तर दुसरा शब्द कोणी ऐकला नसता. मी म्हणाले, "साल स्वच्छ लिहिलंय. हेच लाकूड घ्यायचं."

"बरं," बाळ म्हणाला आणि फळी खांद्यावर घेऊन निघाला. एवढंच. वाद घालायचीही हिंमत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

दारं आकाराला येतायत. मी रोज सगळ्यांच्या आधी जाते. सांधे घट्ट बसतायत, काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला तर कोपऱ्यात उजेड दिसत नाही. बाळचे हात चांगले आहेत, ते मान्य करायलाच हवं.

पण डोकं? दारांची घाई असताना हा रोज संध्याकाळी थांबून जुन्या थप्पीतल्या निवडक फळ्या आतल्या कोरड्या खोलीत नेऊन रचतोय. मधे एकसारख्या पट्ट्या घालून, शांतपणे. कशासाठी, विचारलं तर म्हणाला, "असू दे, लागतील कधीतरी." वेळेचं भान म्हणून नाही.

दादाची बोटं मी रोज सकाळी आणि झोपताना एकेक करून उघडते आणि मिटते. आज अंगठ्याने माझं बोट दाबलं. वहिनीला हाक मारली तर ती स्वयंपाकघरातून पळत आली, हाताला पीठ तसंच, आणि तोवर अंगठा थांबला होता. ती म्हणाली, "तुला भास झाला असेल." मी म्हटलं, भास झाला तर झाला, तू हात धुऊन इथे बस, परत होईल. ती बसली. परत झालं. आमचं भांडण आहे हे दोघीही विसरलो.

सोमवार, २१ एप्रिल

दारं बसली! ठरलेल्या तारखेच्या आधी!

प्राचार्य बाईंनी एका खोलीत एका मुलीला व्हायोलिन वाजवायला लावलं आणि आम्ही बाहेर उभे राहिलो. काही म्हणता काही ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "वयाच्या मानाने फारच छान काम." वयाच्या मानाने! दार वयाच्या मानाने बंद होतं का? पण आज मी कोणावर रागावणार नाही.

घरी येऊन वहिनीला ऐकवलं. उन्हाने केस पांढरे करून घेतलेल्यांनाच अक्कल असते असं नाही, वगैरे. जरा जास्तच बोलले. दादा ऐकत होता. तो डाव्या बाजूने हसला. बाळ हसला नाही. त्याला माझं यश पचलेलं नाही.

बुधवार, ७ मे

दादा बोलला. व्यायाम करवून घेणाऱ्या माणसाला स्पष्ट म्हणाला, "गाढवा." वहिनीने आनंदाने त्या माणसाला दोनदा चहा पाजला.

मंगळवार, २७ मे

आजच लिहिणार.

सकाळी प्राचार्य बाईंचा फोन आला. "येऊन बघा" एवढंच म्हणाल्या. मी एकटीच गेले. जिन्यातच कळलं. पियानो, व्हायोलिन आणि गळा साफ करणारा कोणी मुलगा, सगळे एकमेकांत मिसळून खाली येत होते.

दारं वाकलीत. सगळी नाही, पण बरीच. वरचा कोपरा चौकटीला टेकतो तर खालचा बाहेर राहतो, त्या फटीतून माझा अख्खा हात आत गेला. वाद्यांसाठी खोल्यांमध्ये एसी दिवसरात्र चालू असतो. कोरड्या हवेत वरवरचं लाकूड आक्रसलं आणि पोटातला ओलावा सुटायला लागला. एका दाराला मी गाल लावला. हसायचं तर हसा. थंड होतं.

साडेतीन वर्षं झाली होती, पण लाकूड वाळलं नव्हतं. मी टोकावरचं साल वाचलं आणि आत बघितलंच नाही. मी! जिला कोणी वय विचारलं तरी अंगाचा तिळपापड होतो, तिने. हे इथे एकदाच लिहिते आणि पुढे जाते, नाहीतर रात्रभर हेच लिहीत बसेन.

बाई त्यांच्या खोलीत नव्हत्या. त्यांनी निरोप ठेवून परवा बोलावलंय.

बुधवार, २८ मे

सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं आता ऐकून घ्यावं लागेल. मी तयारीतही होते.

कोणी रागावलंच नाही. पॉलिशवाला म्हणाला, "जाऊ द्या ताई, लहान वयात होतं असं." वहिनी म्हणाली, "मी सांगते बाईंना. म्हणावं पोर आहे, तिच्यावर एकदम सगळं पडलं." आणि पुन्हा सफरचंद. मी ताटली ढकलली. सांडलं सगळं.

मग बाळ म्हणाला, "उद्या मी जातो. सांगतो की लाकूड मी निवडलं. वयाने मोठा मी आहे, मलाच ते शोभेल."

हा माणूस गिऱ्हाईक दिसलं की यंत्रामागे जातो. तो हे म्हणत होता तेव्हा कपाळावर घाम होता. त्याचा मला इतका राग आला की मी जेवले नाही.

गुरुवार, २९ मे

बाळ इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा होता. मी म्हटलं, यायचं तर ये, पण बोलायचं नाही. तो वाटभर ओठ हलवत काहीतरी पाठ करत होता.

प्राचार्य बाईंच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्याने सुरुवात केलीच. "बाई, ते लाकूड, म्हणजे मी, ते मीच…"

"बाळ, थांब."

थांबला. मी म्हणाले, "लाकूड मी निवडलं. ते वाळलेलं नाही हे याने मला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वाकलेली सगळी दारं आम्ही नवीन करून देऊ."

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो, तुम्ही केवढ्या? तेवीस? माझे विद्यार्थी तुमच्याएवढे आहेत. होतं या वयात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मी पुढचं यांच्याशी बोलते." आणि त्यांनी खुर्ची बाळकडे वळवली.

झालं होतं. गप्प बसायचं, मान खाली घालायची, आणि सुटायचं. तेवढंच उरलं होतं.

मी म्हणाले, "काम दिलंत तेव्हा मी लहान नव्हते. हात मिळवलात तेव्हा लहान नव्हते. आता चूक झाली तर लगेच लहान कशी झाले? तुमचा माझ्यावर राग आहे. असायलाच हवा. मग रागवायचं तर नीट रागवा, आणि माझ्यावर रागवा."

बाळने डोळे मिटले. बाईंनी खुर्ची परत माझ्याकडे वळवली.

"ठीक आहे, ऐका मग," त्या म्हणाल्या.

आणि ऐकवलं! परीक्षा तोंडावर आलीय, मुलं जिन्यात बसून सराव करतायत, एक पालक मुलाचं नाव काढून घेऊन गेला. दादाच्या नावावर विश्वास ठेवला आणि तुम्ही तो मातीत घातलात. ज्याला कळतं त्याचं न ऐकणं ही चूक नाही, तो माज आहे. एक महिना देतेय, त्यात झालं नाही तर दुसरीकडे जाईन, आणि तुमच्याकडे कोणी जाऊ नये हेही सगळ्यांना सांगेन. माझ्या कानाच्या पाळ्या जळत होत्या. एकदाही मान खाली घातली नाही. शेवटी म्हणाले, "महिन्याच्या आत होईल."

रस्त्यावर आल्यावर बाळ म्हणाला, "लाकूड आहे. थप्पीच्या कडेच्या, वारा लागलेल्या फळ्या निवडून आतल्या खोलीत रचल्यात. दोन महिन्यांत बहुतेक वाळल्यात."

मी जागीच थांबले. "म्हणजे दारं वाकणार हे तुला एप्रिलपासून माहीत होतं?"

"वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की."

"तसं नाही! ओरडला का नाहीस? फळी हिसकावून का घेतली नाहीस?"

त्याने चपलेने एक खडा ढकलला. "शब्द तुझा होता," म्हणाला. आणि मग, "शिवाय तू लहान आहेस गं. लहानांवर काय ओरडायचं?"

म्हणजे नात्याने मोठी म्हणून अडवायचं नाही आणि वयाने लहान म्हणून रागवायचं नाही. या घरात माझ्याशी सरळ वागायला कोणाला जागाच नव्हती. मी भररस्त्यात त्याला सांगितलं, "आत्या म्हणून सांगते. पुन्हा मी चुकतेय असं दिसलं आणि तू नुसतं 'बरं' म्हणालास, तर तुला कारखान्यात पाय ठेवू देणार नाही."

"बरं," तो म्हणाला.

डोकं धरलं मी.

सोमवार, २ जून

कामाला सुरुवात. सकाळीच सगळ्यांना सांगितलं की लाकूड कोणतं घ्यायचं ते बाळ ठरवेल, गिऱ्हाइकाशी मी बोलेन. पॉलिशवाल्याने विचारलं, "मग नियमाचं काय?" मी म्हटलं, "नियमाप्रमाणेच आहे. माझा शब्द शेवटचा, आणि हा माझा शब्द." आज मिशा हलल्या नाहीत. वहिनी दादाला दारापर्यंत चालवत घेऊन आली होती, तो तिच्या खांद्यावर भार टाकून उभा राहून बघत होता.

मी बाळच्या हाताखाली फळ्या निवडायला लागले. निवडायच्या, गालाला लावून तपासायच्या, बाजूला ठेवायच्या. दुपारपर्यंत नीट चाललं. जेवणानंतर एक फळी इतकी सरळ, इतकी देखणी निघाली की मी ती सरळ निवडलेल्यांवर टाकली आणि पुढची उचलली.

"आत्या!"

छपरावरची कबुतरं उडाली.

"अक्कल गहाण टाकलीस का? न तपासता टाकलीस! एवढं रामायण झालं ते कमी पडलं? काढ ती! काढ म्हणतो ना! पुन्हा बघ!"

करवत थांबली. पॉलिशवाल्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. वहिनी दारातून म्हणाली, "अरे, लहान आहे ती…" आणि दादाने तिचा हात धरून तिला गप्प केलं. बाळ स्वतःच घाबरला होता. त्याचे कान माझ्यापेक्षा लाल झाले होते, पण त्याने शब्द मागे घेतला नाही, आणि यंत्रामागेही गेला नाही.

मी फळी काढली. तपासली. आतून ओली होती. परत ठेवली आणि दुसरी घेतली. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी कामाशिवाय बोललो नाही.

तेवीस वर्षांत या घरात माझ्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं. सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्याने, माझ्याच भाच्याने. रागाने मला झोप येणार नाही. उद्या सकाळी त्याच्या आधी कारखान्यात पोचणार आहे.